परदेशातली माहिती, परदेशातला पुरावा: तपास अधिकाऱ्याने मागवायचा कसा

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर दरोडा पडला तेव्हा सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातले ७८ कोटींच्या आसपास २८ देशांतल्या एटीएममधून रोखीने निघाले आणि सुमारे १४ कोटी स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यामार्फत हाँगकाँगच्या एका बँकेत पोचले. गुन्हा नोंदला गेला चतुःशृंगी पोलीस ठाण्यात. एका ठाण्यासमोर असे २८ देश उभे राहतात तेव्हा पहिले पत्र कुणाला लिहायचे, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. आणि आता तो मोठ्या गुन्ह्यांपुरताही उरलेला नाही. तालुक्याच्या ठाण्यात नोंदलेल्या ऑनलाइन फसवणुकीतही जीमेलचे खाते, टेलिग्रामचा ग्रुप, दुबईत बसलेला माणूस किंवा कंबोडियातला आयपी पत्ता निघतोच.

पुढचे सगळे तपास अधिकारी, घटक प्रमुखांच्या (पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांच्या) कार्यालयातले लेखनिक आणि सरकारी वकील यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहे.

आधी ठरवा: सुगावा हवा की पुरावा

परदेशाकडे जाणारे रस्ते दोन आहेत आणि बहुतेक घोटाळे ते एकमेकांत मिसळल्याने होतात.

पहिला रस्ता पोलिसांकडून पोलिसांकडे. त्यावरून मिळते ती माहिती: अमुक नंबर कुणाचा आहे, अमुक माणूस त्या देशात आहे का, त्याच्यावर तिथे गुन्हे आहेत का, अमुक कंपनी खरोखर नोंदलेली आहे का. हा इंटरपोलचा रस्ता. उत्तर तुलनेने लवकर येते. पण आलेले उत्तर दोषारोपपत्राला जोडून निशाणी (न्यायालयातला पुरावा क्रमांक) पाडता येत नाही. पाठवणाऱ्या देशाने ते तपासाला दिशा मिळावी म्हणून दिलेले असते आणि त्याच्या परवानगीशिवाय ते न्यायालयात मांडले, तर पुढच्या वेळी तिथून उत्तर येईलच असे नाही.

दुसरा रस्ता सरकारकडून सरकारकडे किंवा न्यायालयाकडून न्यायालयाकडे. त्यावरून मिळतो तो पुरावा: साक्षीदाराचा जबाब, बँकेचे प्रमाणित खातेउतारे, ईमेलमधला मजकूर, जप्त केलेली वस्तू. यासाठी परस्पर कायदेशीर साहाय्य कराराखालची विनंती, ज्याला सगळे एमलॅट म्हणतात, किंवा न्यायालयाचे विनंतीपत्र म्हणजे लेटर रोगेटरी लागते. हा रस्ता महिन्यांत मोजायचा, कधी वर्षांत.

म्हणून क्रम असा ठेवा: पहिल्या रस्त्याने नेमके काय, कुठे आणि कुणाकडे आहे ते शोधा, मग दुसऱ्या रस्त्याने तेवढेच मागा. खाते कोणत्या बँकेच्या कोणत्या शाखेत आहे हे ठाऊक नसताना पाठवलेले विनंतीपत्र जवळजवळ हमखास शंका विचारत परत येते. उलट चूकही होते. इंटरपोलच्या उत्तरात आरोपीचा पत्ता, नोकरी, बँक असे सगळे आले की तपास पूर्ण झाला असे वाटते, औपचारिक विनंती पाठवायची राहून जाते आणि खटल्याच्या वेळी हातात फक्त एक संदेशाची छापील प्रत असते.

दोन रस्त्यांतला फरक सायबर टिपलाइनच्या बाबतीत स्वच्छ दिसतो. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींबद्दल अमेरिकेतल्या बेपत्ता व शोषित मुलांच्या राष्ट्रीय केंद्राकडून येणारे अहवाल २०१९ च्या सामंजस्य करारानंतर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागामार्फत राज्यांना मिळू लागले. महाराष्ट्र सायबरने ‘ऑपरेशन ब्लॅकफेस’ याच प्रकारच्या गुन्ह्यांविरुद्ध चालवले. त्या अहवालात आयपी पत्ता, ईमेल, फाइलचे हॅश मूल्य (तिच्या मजकुरावरून निघणारा, ठशासारखा आकडा) असे बरेच असते. पण तो अहवाल म्हणजे बोट दाखवणे. दूरसंचार कंपनीकडून ग्राहकाचा तपशील, घरझडती, पंचासमक्ष फोनची जप्ती आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल हे सगळे इथेच, आपल्या हातांनी उभे करावे लागते.

पहिले दोन दिवस: पैसे अडवा, डेटा जतन करून ठेवा

फसवणुकीचा पैसा देशाबाहेर गेला असेल तर १९३० ही हेल्पलाइन आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरची नोंद पुरेशी नाही. ती देशातल्या साखळीसाठी आहे. तक्रारदाराच्या बँकेला त्याच दिवशी स्विफ्टमार्फत लाभार्थी बँकेकडे रक्कम परत बोलावण्याचा संदेश टाकायला सांगा. समांतर सीबीआयच्या इंटरपोल शाखेकडे निकडीचा संदर्भ, म्हणजे लेखी विनंती, पाठवा. इंटरपोलकडे पैसे थांबवण्यासाठी आय-ग्रिप नावाची सोय आहे. तिच्यासाठी लागते ते एवढेच: व्यवहाराची तारीख आणि वेळ, रक्कम आणि चलन, पाठवणारे व घेणारे खाते, घेणाऱ्या बँकेचा स्विफ्ट कोड, व्यवहार क्रमांक आणि फसवणूक कशी झाली याची चार ओळींत हकिगत. पाच पानी एफआयआरचे भाषांतर होईपर्यंत थांबू नका. परदेशातल्या पहिल्या खात्यात पैसा फार वेळ बसत नाही.

एटीएममधून रोख निघाली असेल तर चित्रीकरण मागा, आणि तेही लगेच, कारण कॅमेऱ्याच्या नोंदी ठरावीक काळाने पुसून त्यांवर नव्या चढतात. इतके देश असतील तर सगळ्यांना एकसारखे पत्र पाठवण्यात वेळ घालवू नका. जिथे रक्कम मोठी, जिथे एकाच यंत्रातून वारंवार पैसे निघाले आणि जिथले पोलीस उत्तर देतात असा अनुभव आहे, असे चार-पाच देश आधी.

डेटा जतन करणे हे वेगळे काम आहे आणि ते मागणीच्या आधी करायचे असते. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे कंपनी जतनाच्या विनंतीवरून खात्याची त्या क्षणाची प्रत ९० दिवस राखते आणि मुदत आणखी ९० दिवस वाढवून मिळते. गूगल, मेटा यांची पोलिसांसाठी स्वतंत्र पोर्टले आहेत; तिथे सरकारी ईमेलवरूनच प्रवेश मिळतो. खाजगी जीमेलवरून गेलेली विनंती कुणी उघडतही नाही. ज्या कंपनीचे पोर्टल नाही तिच्यासाठी सीबीआयच्या चोवीस तास चालणाऱ्या संपर्क केंद्रामार्फत जतनाची विनंती जाते.

जतनाच्या विनंतीत तीन गोष्टी चुकतात. खात्याचे दिसणारे नाव दिले जाते, यूआरएल किंवा आयडी क्रमांक नाही. नाव आरोपी पाच मिनिटांत बदलतो. मुदत संपण्याची तारीख कुणी डायरीत लिहीत नाही आणि ९१ व्या दिवशी प्रत पुसली जाते. आणि जतन झाले म्हणजे डेटा मिळाला असा समज होतो. जतन म्हणजे कंपनीने तो आपल्या कपाटात कुलूपबंद ठेवला, एवढेच.

कंपनीकडून थेट काय मिळते? ग्राहकाचे नाव, नोंदणीचा फोन, पर्यायी ईमेल, लॉगिनच्या आयपी नोंदी असा मजकुराव्यतिरिक्तचा तपशील भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ च्या सूचनेवर कंपन्या स्वेच्छेने देतात, पण देतीलच असे नाही. ईमेलचा किंवा संदेशाचा मजकूर अमेरिकी कंपनीकडून हवा तर एमलॅटच लागतो आणि तिथल्या न्यायाधीशाचे वॉरंट निघावे लागते. व्हॉट्सॲपच्या संवादाचा मजकूर टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असल्याने कंपनीकडून मागून उपयोग नाही. तो फोनमध्येच शोधायचा. अपहरण, आत्महत्येची धमकी, मुलाच्या जिवाला धोका अशा प्रसंगी त्याच पोर्टलवर तातडीच्या प्रकटीकरणाचा वेगळा अर्ज असतो. त्यात धोका कुणाला, कधी आणि मागितलेल्या तपशिलाने तो कसा टळेल हे स्पष्ट लिहा. हा अर्ज आर्थिक फसवणुकीसाठी वापरला की तो नाकारला जातो, आणि पुढचा खरा अर्जही संशयाने वाचला जातो.

आता वेळेबद्दल, कारण निरपराध माणसाच्या दारात पोलीस पोचतात ते बहुधा इथेच चुकून. परदेशी नोंदी बहुतेक यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. नोंदीत १४ मार्चचे १८:४२:०७ असेल तर इथे १५ मार्चचे ००:१२:०७ वाजलेले असतात; तारीखच बदलते. अमेरिकी नोंदीत महिना आधी आणि दिवस नंतर असतो, म्हणून ०४/०७ म्हणजे ७ एप्रिल. महिना अक्षरांत लिहा. मोबाइल इंटरनेटवर एकच आयपी पत्ता एकाच क्षणी शेकडो ग्राहक वापरतात. म्हणून पत्त्यासोबत सोर्स पोर्ट (त्या क्षणी त्या ग्राहकाच्या जोडणीला मिळालेला क्रमांक) आणि सेकंदापर्यंतची वेळ मागा. पोर्ट नसेल तर दूरसंचार कंपनी एका नावाऐवजी भलीमोठी यादी पाठवते.

इंटरपोलकडे जाताना

इंटरपोलचे मुख्यालय फ्रान्समध्ये लिऑनला आहे, सदस्य देश १९६. त्याच्याकडे अटक करणारे पोलीस नाहीत. तो देशांच्या पोलिसांमधला निरोपाचा मार्ग आहे. प्रत्येक देशात एक राष्ट्रीय केंद्र असते, भारतात ते सीबीआयमध्ये, नवी दिल्लीला. राज्यातल्या ठाण्याने लिऑनला किंवा परदेशी पोलिसांना थेट लिहायचे नसते. वाट ठरलेली आहे: तपास अधिकारी, घटक प्रमुख म्हणजे पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त, राज्याचे इंटरपोल संपर्क अधिकारी, मग सीबीआय.

पूर्वी हे सगळे टपाल, फॅक्स आणि ईमेलवर चालायचे आणि आवक-जावकेच्या रजिस्टरात आठवडे जायचे. ७ जानेवारी २०२५ ला भारतपोल पोर्टल सुरू झाल्यापासून घटक प्रमुखाच्या पातळीवरूनच संदर्भ चढवता येतो आणि तो कुठे अडला आहे ते दिसते. परदेशातून आलेले संदर्भही तिथेच उतरतात. आपल्या घटकाचे खाते कुणाच्या नावावर आहे, त्या अधिकाऱ्याची बदली झाल्यावर पासवर्ड कुणाकडे गेला, हे आजच पाहून ठेवा. रात्री दोनला ते शोधायची वेळ येऊ नये.

चांगला संदर्भ एका पानात मावतो. गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), ठाणे, तारीख, कलमे. गुन्ह्याची हकिगत आठ-दहा वाक्यांत, सोप्या इंग्रजीत. ज्याच्याबद्दल विचारायचे त्याचे पूर्ण नाव, पासपोर्टवरचे स्पेलिंग, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक. त्या देशाशी गुन्ह्याचा धागा काय. आणि शेवटी क्रमांक घातलेले प्रश्न, चार किंवा पाच. ‘सदर इसमाबाबत संपूर्ण माहिती मिळावी’ हे वाक्य आपल्याकडे चालते. बाहेर त्याचा अर्थ कुणालाच लागत नाही आणि उत्तरही तसेच मोघम येते. ‘हा माणूस १ जानेवारी २०२४ नंतर तुमच्या देशात आला किंवा तिथून गेला का, कोणत्या तारखेला?’ असे विचारा.

राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या बाबींत इंटरपोलच्या घटनेचे कलम ३ हस्तक्षेपाला मनाई करते. गुन्हा खंडणीचा किंवा खुनाचा असताना हकिगतीत आरोपीच्या पक्षाचे, संघटनेचे किंवा भाषणांचे पाल्हाळ लावले की विनंती या कलमावर आपटते. काय केले ते लिहा. तो कोणत्या विचाराचा आहे ते गुन्ह्याचा घटकच नसेल तर वगळा.

नोटिसांचे रंग आणि त्यांची मर्यादा

रेड कॉर्नर नोटीस म्हणजे आंतरराष्ट्रीय अटक वॉरंट नव्हे. ती प्रत्यार्पणासाठी हव्या असलेल्या व्यक्तीला शोधून तात्पुरते अडवण्याची विनंती आहे आणि तिला किती वजन द्यायचे ते प्रत्येक देश आपल्या कायद्याने ठरवतो. अमेरिकेत केवळ तिच्यावर अटक होत नाही. ब्लू नोटीस ठावठिकाणा आणि ओळख कळावी म्हणून, यलो बेपत्ता व्यक्तींसाठी, ब्लॅक अनोळखी मृतदेहांसाठी, पर्पल गुन्ह्याची पद्धत कळवण्यासाठी. मालमत्ता शोधण्यासाठीची सिल्व्हर नोटीस जानेवारी २०२५ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली.

आरोपी कुठे आहे हेच माहीत नसेल आणि वॉरंटही निघालेले नसेल तर ब्लूपासून सुरुवात करणे शहाणपणाचे. रेडसाठी किमान दोन वर्षे कमाल शिक्षेचा गुन्हा, न्यायालयाचे अटक वॉरंट, ओळख पटेल असा तपशील आणि सापडल्यावर प्रत्यार्पण मागू अशी सरकारची तयारी लागते. शिक्षा झालेला कैदी फरार असेल तर उरलेली शिक्षा किमान सहा महिन्यांची हवी. वॉरंटवर परतीची तारीख असेल तर ती उलटताच त्याचा आधार जातो, म्हणून मुदत नसलेले वॉरंट घ्या. फोटो आधारकार्डाच्या झेरॉक्सवरून काढलेला नको; पासपोर्ट कार्यालयाकडून मूळ घ्या. बोटांचे ठसे पूर्वीच्या अटकेतले असतील तर ते जोडल्याने नामसाधर्म्याचा धोका जवळजवळ जातो.

नोटीस कायमची नसते. ज्याच्यावर ती निघाली तो माणूस इंटरपोलच्या फाइल नियंत्रण आयोगाकडे दाद मागू शकतो आणि आयोग ती काढूनही टाकतो. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या घोटाळ्यातले आरोपी मेहुल चोक्सी यांच्यावरची रेड नोटीस अशीच गेली. तरीही भारताच्या प्रत्यार्पण विनंतीवरून एप्रिल २०२५ मध्ये बेल्जियममध्ये त्यांना अटक झाली. म्हणजे नोटीस आणि प्रत्यार्पण ही दोन स्वतंत्र कामे आहेत; एकाच्या भरवशावर दुसरे थांबवायचे नाही. देशाबाहेर जाण्याआधीच अडवायचे असेल तर लुकआउट परिपत्रक, आणि त्याचा इंटरपोलशी काही संबंध नाही; ते घटक प्रमुखांच्या सहीने इमिग्रेशन ब्यूरोकडे जाते.

विनंतीपत्राचा मसुदा

भारतातून जाणाऱ्या आणि भारतात येणाऱ्या औपचारिक विनंत्यांसाठी केंद्रीय प्राधिकरण आहे केंद्रीय गृहमंत्रालय, त्यातला अंतर्गत सुरक्षा-२ विभाग. चाळीसहून अधिक देशांशी भारताचे करार आहेत. अमेरिकेशी झालेला करार २००५ पासून लागू आहे, ब्रिटनशी १९९२ मध्ये झाला, संयुक्त अरब अमिरातीशी १९९९ मध्ये. करार असलेल्या देशाकडे गृहमंत्रालय स्वतः विनंती पाठवू शकते. करार नसेल, किंवा समोरच्या देशाला न्यायालयाचा आदेशच हवा असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ खाली न्यायालयाचे विनंतीपत्र. जुन्या दंड प्रक्रिया संहितेतले कलम १६६-अ ते हेच. करार नसताना परस्परतेची हमी (उद्या तुम्ही मागितले तर आम्हीही असेच साहाय्य करू) द्यावी लागते. गुन्हा भ्रष्टाचाराचा किंवा संघटित टोळीचा असेल तर भारताने २०११ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दोन करारांचा आधार घेता येतो. अमली पदार्थांसाठी १९८८ चा व्हिएन्ना करार आहेच.

पायऱ्यांचा क्रम उलटला की महिने जातात. आधी सरकारी अभियोक्त्याचे मत घ्या. मग मसुदा घटक प्रमुख, राज्याचा गृहविभाग आणि तिथून केंद्रीय गृहमंत्रालय असा पाठवा. त्यांची संमती आल्यावरच न्यायालयात अर्ज. उत्साहात आधीच न्यायालयातून विनंतीपत्र काढून आणले, की मंत्रालय त्रुटी काढते आणि दुरुस्त पत्रासाठी पुन्हा न्यायाधीशांपुढे उभे राहावे लागते.

मसुद्यात काय असावे ते नीट पाहू, कारण नव्वद टक्के काम इथेच होते किंवा बिघडते.

सुरुवातीला कोण मागतो आणि कोणत्या कराराच्या कोणत्या कलमाखाली. त्यानंतर तथ्ये. ही दोन-तीन पानांत, तारखेनुसार, प्रत्येक व्यक्ती पहिल्यांदा येते तिथे ती कोण हे सांगून. वाचणारा माणूस वॉशिंग्टनमधला किंवा लंडनमधला वकील आहे. त्याला एमआयडीसी, पतसंस्था, हुंडी, भिशी म्हणजे काय ते ठाऊक नाही. एका वाक्यात सांगा. लाख-कोटी टाळा, दशलक्षात आणि त्या देशाच्या चलनात लिहा.

त्यानंतर कायदा. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८(४) एवढे लिहून भागत नाही. कलमाचा पूर्ण मजकूर आणि कमाल शिक्षा, इथे सात वर्षे, जोडा. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडलेला असेल तर जुन्या दंडविधानाची कलमे. झडती, जप्ती असे काही हवे असेल तर बहुतेक देश तेच कृत्य त्यांच्याकडेही गुन्हा आहे का ते पाहतात. तिथे कलमाच्या नावाची तुलना होत नाही, कृत्याची होते. म्हणून ‘फसवणूक केली’ यापेक्षा ‘खोटे गुंतवणूक संकेतस्थळ दाखवून अमुक तारखेला अमुक रक्कम अमुक खात्यात भरायला लावली’ हे उपयोगी. बदनामी किंवा सोशल मीडियावरची टीका यांवर अमेरिकेकडे डेटा मागणे बहुधा वाया जाते. तिथे ते अभिव्यक्ती स्वातंत्र्यात मोडते. फाशीची शक्यता असलेल्या गुन्ह्यात युरोपातले देश फाशी न देण्याची किंवा न अमलात आणण्याची हमी मागतात. ती द्यायची की नाही हा निर्णय ठाण्याचा नाही. प्रश्न येणार हे मसुद्याबरोबरच वरिष्ठांना लेखी कळवा.

मग सगळ्यात नाजूक भाग: जे मागतो त्याचा गुन्ह्याशी संबंध. ईमेलच्या मजकुरासाठी अमेरिकेत वॉरंट हवे तर त्या खात्यात गुन्ह्याचा पुरावा आहे असे मानायला सबळ कारण दाखवावे लागते. ‘आरोपी हे खाते वापरतो’ एवढे अपुरे. तक्रारदाराला या खात्यावरून अमुक तारखांना खोटी बिले आली, त्यांच्या प्रती सोबत आहेत, आणि त्याच फोन क्रमांकावर खाते नोंदलेले आहे असे कंपनीने दिलेल्या तपशिलात दिसते, अशी साखळी हवी. प्रत्येक वाक्याला ‘हे कशावरून कळले’ याचे उत्तर जोडलेले असावे: साक्षीदाराचा जबाब, बँकेचे पत्र, न्यायवैद्यक अहवाल. काळाची चौकट आवळून ठेवा. गुन्हा मार्च ते मे २०२४ चा असताना खाते उघडल्यापासूनचा मजकूर मागितला तर तो जाळे टाकून मासे धरण्याचा प्रकार समजला जातो आणि विनंती परत येते. तपासात खरोखर मागचा काळ लागत असेल तर का, ते लिहा.

शेवटी मागण्यांची यादी, क्रमांकाने. कुणाचा जबाब हवा असेल तर त्याला विचारायचे प्रश्न इथेच द्या, त्याचा पत्ता द्या, तो साक्षीदार की संशयित ते सांगा. दोघांचे हक्क तिथे वेगळे असतात. कंपनीच्या नोंदी हव्या असतील तर नोंदी ठेवणाऱ्या जबाबदार व्यक्तीचे प्रमाणपत्र मागा आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मधला इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या प्रमाणपत्राचा नमुना हॅश मूल्याच्या रकान्यासह कोरा जोडून द्या. परदेशातल्या माणसाला आपले कलम ६३ कुठून माहीत असणार? नमुना न जोडल्यामुळे आलेला पुरावा वर्षभराने प्रमाणपत्रासाठी परत पाठवावा लागल्याची उदाहरणे कमी नाहीत. गोपनीयता हवी असेल, खातेदाराला कळू द्यायचे नसेल, तर तेही स्पष्ट मागा, कारणासह.

भाषांतर मान्यताप्राप्त असावे. अमिरातीला अरबी लागते, युरोपातल्या अनेक देशांना त्यांची भाषा. नावांची स्पेलिंग मूळ आणि भाषांतरात एकच ठेवा.

मुदतींशी झुंज

साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र गेले नाही तर अटकेतला आरोपी जामिनाचा हक्कदार होतो. विनंतीपत्राचे उत्तर तेवढ्यात येणे जवळजवळ अशक्य. म्हणून हाती आहे त्यावर दोषारोपपत्र दाखल करा, विनंती कधी पाठवली आणि काय अपेक्षित आहे हे त्यात नमूद करा आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(९) खाली पुढील तपास खुला ठेवा. खटला सुरू झाल्यावर असा तपास न्यायालयाच्या परवानगीने आणि ९० दिवसांत करायचा आहे, वाढ मिळते पण मागावी लागते. दिल्लीला स्मरणपत्र पाठवताना गृहमंत्रालयाचा संदर्भ क्रमांक घाला, गु.र.नं. नव्हे, तिकडची फाइल त्याच क्रमांकाने निघते. शंका आली तर पंधरवड्यात उत्तर द्या. उत्तर न मिळालेली विनंती समोरचा देश काही काळाने बंद करतो, आणि बंद झालेली उघडण्यापेक्षा नवी पाठवणे सोपे असते.

पुरावा आल्यावर

कलम ११२ प्रमाणे आलेला जबाब, दस्तऐवज किंवा वस्तू तपासात गोळा केलेला पुरावा मानली जाते. विनंतीपत्रावर आलेले पाकीट न्यायालयाच्या नावाने येते. ते तिथेच उघडायचे, आपण प्रती अर्ज करून घ्यायच्या. डिस्क असेल तर उघडण्याआधी हॅश मूल्य काढून ते सोबतच्या प्रमाणपत्राशी जुळते का ते पंचनाम्यात घ्या. परदेशी सरकारी दस्तऐवजावर तिथल्या अभिरक्षकाचे प्रमाणन आणि नोटरी किंवा भारतीय वकिलातीचा शिक्का आहे का ते साक्ष अधिनियमाच्या कलम ७७ शी ताडून पाहा. त्रुटी असेल तर ती सांगायची वेळ हीच.

आणि जो पुरावा ज्या गुन्ह्यासाठी मागितला तो त्याच गुन्ह्यात वापरायचा. त्याच खातेउताऱ्यात दुसऱ्या फसवणुकीचा धागा दिसला, तर तो वापरण्यासाठी देणाऱ्या देशाची संमती घ्या. प्राप्तिकर खात्याला किंवा शेजारच्या जिल्ह्याला परस्पर प्रत दिली की करारभंग होतो. वित्तीय गुप्तवार्ता विभागामार्फत एग्मॉन्ट गटातून (देशोदेशीच्या अशा विभागांच्या गटातून) आलेल्या माहितीवर तर आणखी कडक बंधन: ती केस डायरीतही शब्दशः उतरवू नका.

परदेशी साक्षीदारांसाठी सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ते भारत सोडण्याआधीच काम उरकणे. गोव्यात पर्यटक फिर्यादी असतो तेव्हा त्याचे विमान दोन-तीन दिवसांवर असते. तेवढ्यात न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ चा जबाब, ओळखपरेड, वैद्यकीय तपासणी आणि त्याचा कायमचा पत्ता, ईमेल, पासपोर्टची प्रत हे सगळे घ्या. १८३ चा जबाब साक्षीची जागा घेत नाही. पुढे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने साक्ष घ्यावी लागेल. ती चालते हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकार विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या मुंबईच्या प्रकरणात २००३ मध्येच सांगितले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये २६/११ च्या हल्ल्याच्या कटातल्या डेव्हिड हेडलीची साक्ष मुंबईच्या न्यायालयाने अमेरिकेतून अशीच नोंदवली. तिथल्या सरकारची परवानगी, शपथ देणारा अधिकारी, साक्षीदारासोबत खोलीत कोण बसले आहे आणि दाखवायची कागदपत्रे आधी पोचली आहेत का, हे चार मुद्दे सुनावणीच्या महिनाभर आधी मिटवा. वेळेचा फरकही पाहा: इथे सकाळी साडेदहा म्हणजे न्यूयॉर्कला मध्यरात्र.

तिकडून विनंती आली तर

परदेशी पोलीस अधिकाऱ्याचा थेट ईमेल किंवा फोन आला तर नम्रपणे पोच द्या, मजकूर वरिष्ठांना आणि सीबीआयला कळवा, माहिती परस्पर देऊ नका. खरा असला तरी तो अधिकृत मार्ग नाही, आणि पोलीस असल्याची बतावणी करून पत्ते काढणारेही असतात. औपचारिक विनंती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११३ खाली केंद्र सरकारमार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे किंवा पोलीस अधिकाऱ्याकडे येते. तिच्यात मागितले तेवढेच करा, मागितलेल्या पद्धतीने, आणि गोळा केलेले त्याच वाटेने केंद्राकडे परत पाठवा. जबाबावर साक्षीदाराची सही मागितली असेल तर आपल्या सवयीने बिनसहीचा जबाब पाठवू नका. पोलिसांपुढच्या जबाबावर सही घ्यायची नाही हा आपला नियम तिकडे लागू नसतो, म्हणून असा जबाब दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवून घेणे बरे.

आरोपी सापडला, त्याला जामीन मिळाला, वॉरंट रद्द झाले किंवा तो निर्दोष सुटला, तर त्याच दिवशी भारतपोलवर कळवून नोटीस आणि लुकआउट परिपत्रक दोन्ही मागे घ्या. हे राहून गेल्यावर निर्दोष सुटलेला माणूस दोन वर्षांनी कुठल्यातरी विमानतळावर अडतो आणि त्याच्या नुकसानभरपाईच्या याचिकेत प्रतिवादी म्हणून तपास अधिकाऱ्याचे नाव येते.